पडेल नाना

नानांसारखं पडणं कुणालाच जमायचं नाही. केळ्याच्या सालीवरून, स्टुलावरून, अगदी कोरड्या फरशीवरूनही ते असे आडवे व्हायचे की पुढच्या रांगेतली माणसं घाबरून उठायची. नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांत त्यांचं नावच पडेल नाना. "आधी इज्जत खाली टाकायची, मग अंग. लागत नाही," असं ते म्हणायचे.

दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी तालीम. वीस वर्षं आम्ही त्यांना नोकराचीच कामं दिली. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "नोकराला सगळ्या खोल्यांत जाता येतं, लेका. नायकाला कुठं जाता येतं?"

मग मी सिनेमा लिहिला. जुन्या रहस्यकथांची टर उडवणारा, नुसता धडपडीचा. त्यातला स्वतःच्याच पावलांचे ठसे शोधत फिरणारा गुप्तहेर म्हणजे नानाच. वाचून दाखवला तेव्हा ते हसता हसता रडायला लागले. दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून हॅट घेऊन आले.

आठवड्याभरात मी बुद्धविहारामागच्या वसाहतीत त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "निर्माते ऐकत नाहीत, नाना. गोरागोमटा चेहरा हवाय त्यांना. तुम्ही नोकर करा."

"खुनी नोकरच ना?" त्यांनी चहा ओतत विचारलं.

"हो."

"मग ठीक."

त्या गोऱ्यागोमट्या नटाला पडायला नानांनीच शिकवलं. भिंग उलटं धरणं, मान वाकडी करणं, सगळं नानांचं. थिएटरात लोक त्याच्यावर पोट धरधरून हसले. शेजारी बसून नाना टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं, विसरले बिचारे. मी एक नंबरचा गाढव.

निवृत्त होऊन ते चांदवडला लेकीकडे निघाले, तेव्हा भेटायला गेलो. म्हटलं, "दुसरा भाग लिहितोय. आता गुप्तहेर तुम्हीच. तेव्हा निर्माते आडवे आले, नाहीतर..."

"नको, सर," नाना म्हणाले. जन्मभर मला लेका म्हणणारा माणूस! "निर्मात्यांकडे मी तेव्हाच गेलो होतो. ते म्हणाले, आम्हाला तुम्ही चालत होतात, तुमच्या लेखकानंच नाव बदललं."

खरं होतं. मला कुणीही अडवलं नव्हतं. पोस्टरवर त्यांचा काळा चेहरा आणि खाली त्यांचं आडनाव मोठ्या अक्षरांत, हे मलाच सोसवेना. आजही लिहिताना लाज वाटते.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

नाना बॅगेची चेन लावत म्हणाले, "बोललो असतो तर नोकराचंही काम गेलं असतं, सर."