खारफुटीत राहिलेला बाळकृष्ण

देवावरचा माझा विश्वास आजवर दोन-तीनदा डळमळला असेल, पण प्रत्यक्ष देवच हरवायची वेळ एकदाच आली, आणि तीही डब्यासकट.

इथे कतारमध्ये, आमच्या दोह्यातल्या घरात आईने लग्नात दिलेला पितळी बाळकृष्ण आहे. देताना ती "याला सांभाळ गं" एवढंच म्हणाली होती. आई गेल्यापासून माझा जीव त्याच्यात जरा जास्तच अडकला. दिवसभर बाहेर जायचं असलं की नैवेद्य चुकू नये म्हणून मी त्याला मऊ फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या छोट्या डब्यात घालून बरोबर न्यायची. नवरा म्हणायचा, "फॅमिली व्हिसात याचंही नाव घालायला हवं होतं."

एका शुक्रवारी आम्ही अल खोरजवळच्या खारफुटीच्या बेटावर गेलो. बेट संरक्षित. तिथे पांढऱ्या दाढीचे एक पठाण रखवालदार होते. "यहाँ कुछ भी छोड़के जाना मना है," त्यांनी तीनदा बजावलं. माझ्या हातून शेंगांची टरफलं सांडली, तर सगळ्यांदेखत वाकून उचलायला लावली. शेंगा मीच खाल्ल्या होत्या, त्यामुळे बाणेदारपणे नाही म्हणायचीही सोय नव्हती. "काय खडूस आहे मेला!" मी मराठीत पुटपुटले.

दुपारी डबा एका फांदीच्या बेचक्यात ठेवून लोणी-साखरेचा नैवेद्य दाखवला. डोळे मिटते न मिटते तोच रखवालदारांची हाक आली, "पानी चढ़ रहा है, यल्ला, यल्ला, जल्दी चलो!" भरतीच्या धसक्याने मी पर्स उचलली, चपला उचलल्या, शेंगांची पिशवीसुद्धा उचलली. देव तेवढा राहिला.

गाडीपाशी आल्यावर ते लक्षात आलं, तोवर पायवाट पाण्याखाली गेली होती. मी मटकन वाळूत बसले आणि रडायलाच लागले. आईची एवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. मुलगा म्हणाला, "आई, रिलॅक्स. ही कॅन स्विम." एरवी धपाटा घातला असता, पण त्या क्षणी अंगात तेवढंही बळ नव्हतं. मी हात जोडले. "बाबा रे, मला नाही जमलं तुला सांभाळायला. आता तुझं तूच बघ."

थोड्या वेळाने गुडघाभर पाणी तुडवत तेच रखवालदार आले. खांद्याला कचऱ्याची पिशवी लटकत होती, आणि दोन्ही हातांनी माझा डबा त्यांनी छातीशी धरला होता. "बहनजी, आपकी अमानत," ते हलकेच म्हणाले. डबा माझ्या ओंजळीत ठेवला, मग खिशातून शेंगेचं एक टरफल काढून त्यावर ठेवलं. "यह भी आपका ही है."

मी रडता रडता हसले, आणि मघाच्या त्या 'मेल्या'बद्दल मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. याला चमत्कार म्हणा, नाहीतर नेमाने वागणारा माणूस म्हणा, मी वाद घालत नाही. मला मात्र देव त्या दाढीतच दिसला.

आता बाळकृष्ण देव्हाऱ्यातच असतो. बाहेर जायचं असलं की सकाळीच नैवेद्य दाखवते आणि दारातून सांगते, "निघालो रे आम्ही. लक्ष ठेव. मी काही ना काही विसरतेच."