लोला ओसांगचं नुसतं पाणी

लोला ओसांगचा, म्हणजे ओसांगआजीचा, काढा बेटभर प्रसिद्ध होता आणि तिचा हट्ट त्याहून जास्त. डेंग्यूच्या दिवसांत लोक तिच्या दारात येत. ती त्यांना आधी दवाखान्यात रक्त तपासायला पिटाळी आणि परत आल्यावर तावा-तावाचा काढा पाजी. शिव्या दोन्ही वेळेला, फुकट.

तावा-तावा म्हणजे रस्त्याकडेचं लालसर देठाचं तण. तोडलं की पांढरा चीक येतो. बाकीचे ते सरळ उपटतात. ओसांग आधी वाकून "तबी-तबी" म्हणे, तिथल्या न दिसणाऱ्या रहिवाशांची परवानगी मागे, क्षणभर थांबे (उत्तर येत असावं) आणि मगच हात लावी.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, पलीकडच्या शहरातून बोटीने मारिकार आली. विद्यापीठात ती झाडपाल्याचे अर्क डेंग्यूच्या विषाणूवर तपासत होती. तीन वर्षं झाली होती. पदवीसाठी एवढाच प्रयोग उरला होता.

"लोला, काढा तुमच्याच पद्धतीने, तुमच्याच मडक्यात हवा. सहा बाटल्या. पण त्याआधी त्याच मडक्यात नुसतं पाणी तेवढाच वेळ उकळा. त्याच्याही सहा बाटल्या."

"नुसतं पाणी? ते कुणाला पाजायचं?"

"काचेच्या बशीत पेशी असतात, त्यांना विषाणूची लागण करतो. अर्ध्यांना काढा, अर्ध्यांना पाणी. गुण पानांचा की मडक्याचा, ते कळायला नको?"

"मडक्याचा असता तर मी मडकी विकली असती, इंदाय, पोरी!"

तरी तिने होकार दिला. गुरुवारी मारिकार बाटल्या घेऊन गेली. पाणी जरा पिवळट का, असं तिने विचारलं. विहीरच तशी आहे, असं ओसांगने सांगितलं आणि तिला दोन आंबे दिले.

तीन आठवड्यांनी मारिकार परत आली ती डोळे सुजवूनच. शेजारची नेनिता तेव्हा पायरीवर सुकट निवडत बसली होती.

"लोला, पाण्यानेही विषाणू कमी झाले. सर म्हणतात, प्रयोगच फसला. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुमचं झाड यादीतून काढायचं. आणि मी पुन्हा पहिल्यापासून."

"मी म्हणतच होते," नेनिता म्हणाली. "गवत ते गवत!"

ओसांगने उलट शिवी दिली नाही. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती, की नेनिताने सुकट खाली ठेवली.

"नेनिता, घरी जा. तुझं मांजर ओरडतंय."

"माझं मांजर मेलं गेल्या वर्षी, मानांग ताई. बोला तुम्ही."

ओसांगने झग्याची कड दोन्ही हातांनी चुरगळली. चाळीस वर्षांत तिने आजाऱ्याकडे रिकामं पाणी पाठवलं नव्हतं.

"त्या बशीतल्या," ती म्हणाली, "अर्ध्या बिचाऱ्यांना ताप आणायचा आणि वर पाणी पाजायचं? माझ्या घरचं? मी थोडीशीच पानं टाकली. मूठभर."

"पाण्यात? लोला!"

"लहान मूठ."

मारिकार हसायला लागली, मग रडायला, मग परत हसायला. नेनिताने आकाशाकडे बघून क्रूसाची खूण केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार, हे ओसांगने तिच्या चेहऱ्यावरच वाचलं.

"तुझ्या सरांना सांग, चूक म्हातारीची आहे. नाव घालून लिही. ओसांग नको, सिन्फोरोसा, पूर्ण."

लगेच मडकं घासलं. पाणी उकळेपर्यंत मारिकार चुलीपाशी राखण करत बसली आणि ओसांग बाकावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. एकदा उजवा हात सुटला.

"लोला."

"डास होता."

सहाही बाटल्या भरल्या. पाणी अगदी नितळ होतं; विहिरीची बदनामी उगाच झाली होती. ओसांगने त्यांच्याकडे बघवत नसल्यासारखं बघितलं, हळूच वाकून "तबी-तबी" म्हटलं आणि प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: यात काही नाही. रोग्यांनी माफ करावं.