प्रतिभा मॅडम आणि पॉइंट बासष्ट

वर्षभर या बाईनं माझ्या नाकी नऊ आणले, हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर मला कोणी म्हणू नये, हा चुडामण तर मॅडमची तारीफच करत बसला.

मी बुऱ्हाणपूर शहराबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलच्या लॅबचा टेक्निशियन. अठरा वर्षं झाली. अर्ध्या खोलीत पंप, पाइप आणि टाक्या. पाणी किती जातं ते तिथं मोजायचं. उरलेल्या अर्ध्यात मास ट्रान्सफर, म्हणजे ओल एका जागेवरून निघून दुसरीकडे कशी जाते ते. त्यासाठी एक वाळवायचं गरम कपाट, एक उंच काचेची नळी आणि दोन वजनकाटे, त्यातला एक बंद. नव्या वजनकाट्याचा अर्ज मी इतक्या वेळा दिलाय की आता ऑफिसातला बाबू माझा चेहरा दिसला की फोन कानाला लावतो.

पोरांचा मुख्य प्रयोग पाइपातल्या चकतीचा. पाइपाच्या मधोमध एक पितळी चकती बसवलेली, तिला एक भोक. भोकातून पाणी जाताना दाब उतरतो, शेजारच्या काचेच्या नळीत पारा वरखाली होतो, त्यावरून हिशेब करायचा की जेवढं पाणी जायला पाहिजे होतं त्यातलं खरं किती गेलं. पुस्तक म्हणतं, शंभरातलं बासष्ट. पॉइंट बासष्ट आलं की प्रयोग बरोबर, पोरगं पास.

मशीन नवीन होतं तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी आणि मी मिळून रीडिंग घेतलं होतं, बरोबर पॉइंट बासष्ट. ते मी एका वहीत उतरवून ठेवलं. त्या वहीवर सोळा बॅच पास झाल्या, खोटं नाही सांगत. पंपात हवा धरायची, ती काढायला अर्धा तास जायचा, तोवर लाइट जायची, टाकी अर्धीच राहायची. पोरं म्हणायची, "भाऊ, रीडिंग दे दो ना यार," आणि मी वही द्यायचो. थोडे आकडे इकडेतिकडे करून पोरं लिहायची. बाहेरून परीक्षक यायचे, बासष्ट बघायचे, मावा जलेबी खायचे, सह्या करायचे आणि पुढची गाडी पकडायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग आल्या प्रतिभा मॅडम. बुऱ्हाणपूरच्याच. बाप शाळेत मास्तर होते, लकव्यानं अंथरुणाला खिळले. आई नाही, भाऊ नाही. मॅडमना गुजरातेत कारखान्यात चांगली नोकरी होती, ती सोडून त्या बापासाठी परत आल्या. दिवसा सरुबाई नावाची एक बाई बापाजवळ बसायची आणि मॅडम मधल्या सुट्टीत स्कूटी पिटाळत घरी जाऊन त्यांना भरवून यायच्या. म्हणजे गाव सोडून नोकरी करायचा प्रश्नच नाही, आणि त्यांच्या विषयाचं दुसरं कॉलेज इथं कुठाय? जे काय होतं ते आमचंच, तेही वर्षावर्षाच्या ऑर्डरवर. जुलैपासूनची नवीन ऑर्डर निघाली तर नोकरी, नाहीतर राम राम.

अशा माणसानं कसं राहावं? गुपचूप राहावं. सह्या कराव्या, पगार घ्यावा. तर या बाईनं पहिल्याच आठवड्यात माझी वही मागून घेतली आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवली.

"चुडामणभाऊ, आजपासून प्रत्येक पोरगं आपलं रीडिंग आपण घेईल."

मला हसूच आलं. वही कपाटात गेली, पण आकडे तर माझे तोंडपाठ होते.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. पंप रोज चालू. रोज टाकी भरा, रोज गळती बंद करा. मॅडम स्वतः स्टुलावर चढून पाऱ्याकडे बघायच्या आणि खाली उभ्या पोरांना ओरडायच्या, "डोळा समोर धरा, वरून बघाल तर चुकाल." साडीचा काठ ओला, चपला ओल्या, कपाळावर घाम. पोरं वैतागलेली. मी तर विचारूच नका.

वाळवायच्या कपाटात सगळीकडे ओली वाळू वाळवतात. मॅडम म्हणाल्या, "इथं चहूकडे केळी पिकते आणि आपण वाळू काय वाळवायची?" आणली केळी. सोला, कापा, ताटलीत मांडा, दर दहा मिनिटांनी वजन करा, तीन तास. कपाटाचं दार उघडून उघडून माझा खांदा दुखायला लागला. शेवटचं वजन घ्यायच्या आधी स्वप्निल नावाच्या टोणग्यानं नमुनाच खाऊन टाकला. "मॅडम, सूख गया था, देख रहा था," म्हणे! मॅडम रडायच्या तेवढ्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा केळी आणली. असल्या बाईपुढे काय बोलणार? मी हात टेकले.

आणि एवढं करून चकतीच्या प्रयोगात उत्तर काय येत होतं? पॉइंट पंचेचाळीस. पहिल्या गटाला पंचेचाळीस, दुसऱ्याला पंचेचाळीस. मॅडमनी पाणी बादलीत धरून घड्याळ लावून मोजलं, तरी पंचेचाळीस. बासष्टच्या जवळपाससुद्धा नाही.

का येत होतं, ते मला माहीत होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं आहे? गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी फट्ट होते. कुंडी भंडाऱ्याच्या, म्हणजे आपल्या जुन्या भुयारी पाणीमार्गाच्या, भिंतीवर कसा थर चढलाय, तो सगळ्यांनी बघितलाय. तोच क्षार चकतीच्या भोकात बसला असणार, भोक लहान झालं असणार, मग पाणी कमी जाणारच. मॅडमनाही तोच संशय होता. दोनदा म्हणाल्या, "भाऊ, चकती खोलून साफ करू या."

मी म्हटलं, बोल्ट गंजलेत, कापावे लागतील, आतलं रबर फाटेल, दुसरं नाही, आणि तुटफूट माझ्या नावावर चढेल. सगळं खरं होतं. पण अर्धंच खरं. बाकीचं अर्धं म्हणजे मला कंटाळा होता. प्राचार्यांकडे अर्ज गेला तर तेही म्हणाले, चालू मशीन खोलायचं नाही, परीक्षेनंतर बघू. मला बरंच झालं.

मग मॅडमनी वर्गात सांगून टाकलं, "पंचेचाळीस आलं तर पंचेचाळीस लिहा. खाली लिहा का आलं असेल." अडतीस पोरांनी तसं लिहिलं. मॅडमनी फायलींच्या पहिल्या पानावर सह्या केल्या आणि फायली परीक्षेपर्यंत माझ्या ताब्यात दिल्या.

परीक्षेच्या आठवडाभर आधी मी कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर मॅडम समोर उभ्या. साहेब म्हणत होते, "मॅडम, आपके बच्चे गलत रीडिंग लिख रहे हैं, पूरा कॉलेज बोल रहा है. प्रॅक्टिकल में फेल हुए तो जुलाई का ऑर्डर भूल जाओ."

मॅडम तडक लॅबमध्ये आल्या. मी पाठोपाठ पोचलो, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, एक दिवसासाठी वही काढा. पोरं पान बदलतील. कोणाला कळतंय?"

"नाही."

"अहो, बापाकडे तरी बघा! ऑर्डर नाही निघाली तर काय करणार तुम्ही?"

"मी परीक्षकांशी बोलेन ना."

"परीक्षक काय ऐकायला येतात? सही करायला येतात! अठरा वर्षं बघतोय मी."

त्या उठल्या आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेल्या. माझं डोकं फिरलं. एवढी शिकलेली बाई आणि एवढी आडमुठी! हिला बुडायचंय तर बुडू दे, असं मनात आलं. पण रात्रभर काही सुचेना. सरुबाई आमच्याच आळीतली, तिच्याकडून मला सगळं कळायचं. बापाची औषधं, बापाचे हट्ट, मॅडम सकाळी कितीला उठतात ते. पगार थांबला तर त्या घरात चूल कशी पेटेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना चार-चार करून बोलावलं. आकडे सांगितले, कोरी पानं दिली. फाईल सुट्या पानांची असते. एक पान काढायचं, एक घालायचं. सही पहिल्या पानावर आहे, ती तशीच राहते. पोरं तर खूशच झाली. एक मुलगी मात्र अडून बसली. तृप्ती, तुकईथड गावची.

"भाऊ, मी नाही बदलत. मी स्वतः मोजलंय."

"अगं, मॅडमची नोकरी जाईल!"

"मॅडमनीच सांगितलंय," म्हणाली आणि फाईल छातीशी धरून निघून गेली. म्हटलं जाऊ दे, एकीनं काय होतं.

परीक्षेला जे परीक्षक आले ते वयस्क होते, सडपातळ, हातात स्वतःची छत्री. मी चहा पुढे केला तर म्हणाले, "नंतर. आधी पंप चालू करा." अठरा वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

मॅडमचा चेहरा मात्र खुलला. त्या पुढे झाल्या. "सर, आमचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. पण कोणतीही फाईल उघडा, माझ्या पोरांनी स्वतः रीडिंग घेतलंय."

परीक्षकांनी आधी स्वतः स्टुलावर चढून पारा वाचला. बादलीनं पाणी मोजलं. खिशातून कॅल्क्युलेटर काढलं. "पॉइंट पंचेचाळीस," म्हणाले आणि मॅडमकडे बघून मान हलवली. मग वरची फाईल उघडली. पॉइंट बासष्ट. दुसरी उघडली. बासष्ट. तिसरी, चौथी, सगळीकडे बासष्ट.

मॅडम वाकून बघत होत्या. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. ते आकडे त्यांनी कुठं बघितले होते, हे त्यांना लगेच कळलं असणार, कारण त्या वळल्या आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली. देवाशपथ सांगतो, त्या घडीला जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, हे आकडे पोरांना कोणी दिले?" परीक्षकांनी विचारलं.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग मीच बोललो, "साहेब, मी दिले. मॅडमना माहीत नव्हतं."

परीक्षकांनी मला आपादमस्तक बघितलं, पण रागावले नाहीत. सदतीस फायली एकीकडे केल्या. त्यांची परीक्षा जुलैत पुन्हा. तृप्तीची फाईल उघडून ते बराच वेळ वाचत होते. तिनं खाली लिहिलं होतं, पाणी जड आहे, चकतीच्या भोकात क्षार साचून ते लहान झालं असावं, खोलून मोजायला पाहिजे. त्यांनी तिला बोलावून चार प्रश्न विचारले आणि पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले.

मी त्याच संध्याकाळी प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं, लेखी देतो म्हटलं. ते म्हणाले, "चुडामण, तू पर्मनंट आदमी है, घर जा. वर्ग कोणाचा? मॅडमचा. सदतीस पोरं कोणाची नापास? मॅडमची." मी परत परत सांगत राहिलो. शेवटी त्यांनी शिपायाला बोलावून मला बाहेर काढलं. जूनमध्ये जुलैपासूनच्या ऑर्डर निघाल्या, त्यात प्रतिभा मॅडमचं नाव नव्हतं.

जूनच्या शेवटी त्या लॅबचा चार्ज द्यायला आल्या. नवीन माणूस येईपर्यंत चार्ज माझ्याकडे. मी मनाची तयारी करून बसलो होतो, काय बोलायचं ते बोलू दे, दोन शिव्या देऊ दे. त्यांनी रजिस्टर उघडलं, एकेक वस्तू वाचून दाखवली. पंप दोन. पारा इतका. वजनकाटे दोन, एक बंद. मी हो हो म्हणत होतो.

शेवटी मला राहवेना. "मॅडम, मी तुमच्यासाठीच केलं हो."

"माहीत आहे, भाऊ."

"मला वाटलं, पंचेचाळीस बघून सगळ्यांना नापास करतील."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तृप्तीनं पंचेचाळीसच लिहिलं होतं ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसते गप्प बसला असता, तर सगळ्यांचंच तसं झालं असतं. मी इथंच राहिले असते."

आवाज चढवला नाही की काही नाही. नेहमी पोरांना हिशेब समजावून सांगायच्या तसंच बोलल्या. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि सही कुठं करायची त्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली.