लाल रेघ

माझ्या मावशीच्या नखांना जन्मात नेलपॉलिश लागलं नाही, पण तिच्या खिशात लाल नेलपॉलिशची बाटली कायम असते. बावीस वर्षं ती एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मोटरसायकली दुरुस्त करते आहे. महत्त्वाचा नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीवर ती एक बारीक रेघ ओढते. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. गिऱ्हाइकं हसतात. मीही हसायचो.

मागच्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. सामानाचे साइड बॉक्स ज्या पट्ट्यांवर बसतात त्यांचे नट-बोल्ट सैल होऊ शकतात, वर्कशॉपमध्ये या, फुकट बदलून देऊ. फुकट म्हटल्यावर मी पहिला हजर. माझ्यामागे एक पोस्टमन, गणिताच्या एक बाई, असे मला धरून अकरा जण. मावशीनं नवे नट-बोल्ट बसवले, रेघा मारल्या आणि बजावलं, "आठ दिवस गाडी चालवा, मग दाखवायला या. सही तेव्हाच करीन." काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही तिचीच लागायची.

"बदलले ना एकदा? मग उगाच काट्याचा नायटा कशाला करता?" मॅनेजर कुरकुरला.

आठव्या दिवशी सात जणांच्या रेघा तुटलेल्या निघाल्या. म्हणजे नवे नटही फिरत होते. मॅनेजर म्हणाला, पुन्हा आवळा आणि सह्या करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा. मावशीनं पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्ही करा. माझ्या सहीच्या भरवशावर कुणीतरी पोराला मागे बसवून हायवेला लागणार आहे. मला नाही जमायचं."

या वयात तिला दुसरी नोकरी कोण देणार?

पण आठ दिवस तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्या गणिताच्या बाईच पुढे झाल्या. "यांची सही होईपर्यंत माझी गाडी इथून हलणार नाही." बघता बघता अकरा गाड्या दारात आडव्या लागल्या. मॅनेजरनं नाइलाजानं कंपनीला फोन लावला.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. मावशीनं पुन्हा आवळून रेघ मारलेली एक गाडी घेतली, बॉक्समध्ये तेलाचे डबे भरून स्वतःच खडबडीत रस्त्यानं दोन तास फिरून आला. उतरून गुडघ्यांवर बसला आणि तुटलेल्या रेघेकडे बघत राहिला.

"ही खूण कुणाची?"

मावशीनं खिशातली बाटली दाखवली.

महिन्याभरात वेगळे नट आले. सोबत सगळ्या वर्कशॉपांना पाठवलेलं सूचनापत्र होतं. त्याची शेवटची ओळ: आवळल्यानंतर नटावर लाल रेघ मारावी. मावशीचं नाव कुठेच नव्हतं. मी भडकलो.

"नावाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "आता सगळीकडे नीट बघून आवळतील ना."

या वेळी आठ दिवसांनी अकराही रेघा शाबूत होत्या, आणि तिनं अकरा सह्या केल्या. मी गाडी उद्या विकीनही, पण तो कागद कुणाला देणार नाही. त्यावर माझ्या मावशीची सही आहे.