जागा बघायला गेलो आणि खाडीत रुतलो

पाणी कमरेला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा डावा पाय आता माझ्या मालकीचा राहिलेला नाही. तो चिखलाने घेतला होता. मागे माझी सून मालती उभी होती. तिला सातवा महिना. गुडघ्याच्या वरपर्यंत रुतलेली, एका हाताने पोट धरलेलं आणि दुसऱ्या हातात आमच्या दोघींच्या चपला.

"आई, पाणी वाढतंय," ती म्हणाली.

"पाणी नाही वाढत. आपण खाली चाललोय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पलीकडचा काठ समोर दिसत होता. त्यावरून पाम गावाकडचा रस्ता आणि रस्त्यावरून धूळ उडवत जाणारे ट्रकसुद्धा दिसत होते. सकाळी याच जागी घोटाही भिजला नव्हता. तेव्हा मी मोठ्या ऐटीत सुनेला म्हणाले होते, "बघ, वसंता इथून उड्या मारत कामावर जाईल." खाडीत मी कोणाच्या सांगण्यावरून उतरले नव्हते, स्वतःच्या अकलेने उतरले होते. त्यामुळे शिव्या घालायला दुसरं माणूसही हाताशी नव्हतं.

मुंबईतली आमची चाळ पाडायची ठरली होती. माझा मुलगा वसंता कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायचं काम करतो. तिथे घंटा झाल्यावर पोचलं की अर्धा दिवस गेला, आणि असं वरचेवर झालं की नोकरीच गेली. मालतीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मुंबईत दुसरी खोली घ्यायची तर पागडी मागतात, ती आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नाही. शेजारीपाजारी म्हणाले, विरारच्या पुढे जा, पालघर बघा, बोईसर बघा, तिकडून माणसं रोज मुंबईला येतात. वसंताला रजा नव्हती. मी म्हटलं, मी जाते. सून बघून आणली तशी जागा बघून आणते, त्यात काय मोठं?

मालती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा तुमचा चष्मा घरी राहिला होता. जागा मी बघणार."

म्हणून दोघी निघालो, पहाटेच्या पहिल्या गाडीने.

विरारला विजेची गाडी संपते. पुढे कोळशाच्या इंजिनाची. आमच्या डब्यात रिकाम्या दुधाच्या किटल्या होत्या आणि त्यांवर बसून दोन माणसं विड्या ओढत होती. एक पेन्शनीतला माणूस पालघरला परत चालला होता. त्याने ही ये-जा सगळी नोकरीभर केली होती. मी त्याला विचारलं, गाड्या वेळेवर असतात का?

"गाडीचं काय घेऊन बसलात, आजी. गाडी आपल्या जागी असते. माणूस चुकतो तो घर ते स्टेशन यांच्यामध्ये. तेवढं अंतर बघून जागा घ्या. बाकी गाडी नेते."

मला वाटलं, हा उगाच शहाणपण शिकवतोय. मी खिडकीबाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना गवत कापून गंज्या रचलेल्या होत्या. मधूनच डोंगराकडच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन रुळांच्या कडेने एका रांगेत चाललेल्या.

पालघरला उतरलो. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, भाडं आम्हाला झेपेल असं. पण मागे भातगिरणी. आम्ही दारात उभ्या असतानाच ती सुरू झाली. भिंत थरथरायला लागली आणि कोंड्याचा लोट खिडकीतून सरळ माझ्या डोक्यावर. घरमालक ओरडून काहीतरी सांगत होता, त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

"पोर झोपेल का इथं?" मी बाहेर आल्यावर म्हणाले.

मालती म्हणाली, "पोर रडलं तर कुणाला ऐकू येणार नाही. मला बरी वाटली जागा."

मी नाक मुरडलं. मी घाटावरची, कोरड्या हवेत वाढलेली. मुंबईतल्या एका खोलीत जन्म काढला, तरी मला घर हवं ते मोकळं, हवेशीर, पुढे अंगण असलेलं. चाळीत राहून माणसाची नजर अशी राजवाड्याची होते.

बोईसरला गेलो तर तिथे तारापूरच्या विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं. सगळीकडून कामगार आलेले. ज्या घराकडे बोट दाखवावं ते भाड्याने गेलेलं. एका वाडीत गोठा दिसला. मी त्याचीही चौकशी केली. आतून एका सुताराने मान बाहेर काढली.

"अम्मा, ये भी गया. तीन आदमी हैं हम."

"आणि गाय कुठं गेली?"

त्याला मराठी कळलं नसावं, पण गाय कळली. त्याने हात हलवून ती विकल्याची खूण केली.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने मग नवापूरचं नाव काढलं. समुद्रावरचं गाव, मासे मारणाऱ्यांची वस्ती. तिथल्या हिराबाईचं एक घर मोकळं आहे, भाडं नावाला. फक्त स्टेशन लांब. पण खाजणातून (भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या जमिनीतून) एक जवळची वाट आहे, ती रस्त्याला लागते, आणि रस्त्यावर कारखान्याचे ट्रक कोणालाही बसवून घेतात. आम्हालाही एकाने घेतलं. सरदारजी ड्रायव्हर होता. मालतीकडे बघून त्याने ट्रक इतका हळू चालवला, की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

वाटेच्या तोंडाशी नवापूरच्या बाया भेटल्या. पहाटेच्या गाडीने मासळी मुंबईला पाठवून रिकाम्या टोपल्या घेऊन परत चालल्या होत्या. त्यांच्या मागोमाग आम्ही खाडी ओलांडली. चिखल कुठे टणक आहे ते त्यांना ठाऊक. त्या जिथे पाय टाकतील तिथेच आम्ही टाकत होतो.

"आज्ये, चपला हातात घे. नायतर खाडी ठेवून घेल!" एक म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या.

घर पाहिलं आणि मी वेडी झाले. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, पुढे अंगण, दोन माड, आणि माडांच्या मधून समुद्र. वारा असा की पदर डोक्यावर राहीना. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले. त्या वासाने मला मळमळायला लागलं. जिला मळमळायचं ती मालती मात्र मान वर करून वास घेत होती.

घरमालकीण हिराबाई माझ्याच वयाची, आवाज माझ्याहून मोठा. तिने आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मालतीने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"डोहाळे पुरे झाले बाय तुजे," हिराबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आज तिथ कंची हाय?"

मला बरं वाटलं. शिक्षण चौथीपर्यंत असलं तरी पंचांग मला तोंडपाठ. मी सरसावून बसले. आज वद्य तृतीया, उद्या संकष्टी, मला उपास असतो, चंद्र बघितल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि वसंताच्या वेळी तर मी एकवीस केल्या होत्या. सगळं सांगितलं.

हिराबाईने ऐकून घेतलं. "तीज म्हंजे उधानाचं पानी. मंग वायच आडव्या पडा. सांजच्याला जावा. नायतर लांबच्या वाटंनं, पुलावरनं."

आता मुंबईत राहिलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मी मनात म्हटलं, ही आम्हाला संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवणार, चहा पाजणार, आणि भिडेला पाडून आजच होकार घेणार. आणि पुलावरची वाट धरून मला काय कळणार होतं? वसंता रोज जाणार तो जवळच्या वाटेने. ती वाट मला आमच्या आम्ही, कोणाच्या मागे न लागता, चालून बघायची होती. हिराबाई आत भांडी घासायला गेली तेव्हा मी ओरडून निरोप घेतला आणि मालतीला उठवलं.

"त्या थांबा म्हणत होत्या," मालती म्हणाली.

"त्यांना भाडेकरू हवाय."

"आणि आपल्याला घर."

"चल."

खाडी सकाळच्यासारखीच दिसत होती. नुसती थोडी चकाकत होती. बायांची पावलं मात्र पुसली गेली होती. मी पुढे झाले.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच. पाणी आवाज न करता येत होतं. ओढ्याला पूर येतो तेव्हा गडगडत येतो, माणसाला सावध करतो. इथे बघावं तर कमरेला, परत बघावं तर बरगडीला. मालतीने चपला टाकल्या. तेव्हा मी घाबरले. ती नव्या चपला टाकणारी बाई नव्हे.

"आई, तुम्ही निघू शकत असाल तर निघा. कोणाला तरी बोलवा."

"माझा पाय निघत असता तर तुझ्याशी बोलत उभी राहिले असते का?"

तेवढ्यात मागून हाक आली. हिराबाई. काठावरून धावत येत होती, आणि तिच्या मागे तिचा नवरा होडीतली रुंद फळी ओढत आणत होता.

"उभी राऊ नको! आज्ये, आडवी हो! आडवी!"

"मी काय इथं लोळायला आलेय?" मी ओरडले.

"लोळायलाच आलीस! पड!"

चिखलात उभं राहिलं की माणूस खिळ्यासारखा आत जातो. आडवं पडलं की चिखल सोडतो. हे त्यांच्या पोरांनाही माहीत. हिराबाईने फळी काठच्या चिखलावर टाकली, तिच्यावर पोट टेकलं आणि पायांनी रेटत मगरीसारखी आमच्याकडे आली. माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"लुगडं फेड."

"काय?"

"फेड म्हन्ते ना! दोर न्हाय आनला. नऊवार हाय का न्हाय?"

नऊवारीच्या आत दुसरं काही नसतं, हे पुरुष वाचकांना ठाऊक नसेल तर आता कळलं. धर्मा, तिचा नवरा, काठावर उभा होता. तो सभ्य माणूस. त्याने समुद्राकडे तोंड केलं. मी लुगडं फेडलं. तसंही चिखल इतका लागला होता की मी नेसलेलीच दिसत असणार. एक टोक मालतीच्या काखेतून घेऊन हिराबाईने गाठ मारली आणि तिला उताणं पाडलं. पोट वर. "पाय हालव, जोर नको लावू, सायकल चालवतात तसं हालव," असं सांगत तिने दुसरं टोक धर्माकडे फेकलं. त्याने पाठमोरं उभं राहूनच ओढलं. मालती पाण्यावरून सरकत सरकत गेली, डोळे आभाळाकडे लावून. एकदाही ओरडली नाही. मग तेच लुगडं परत माझ्याकडे आलं. मी मात्र काठावर पोचेपर्यंत ओरडत होते.

हिराबाईने आम्हाला घरी नेऊन कढत पाण्याने धुतलं, चुलीपाशी बसवलं. गावातली सुईण आली. ती मालतीचं पोट चाचपतच राहिली. मी देवाला हाक मारणारी बाई नाही, उपास करते ते सवयीने. मी सुईणीचा हात बाजूला सारला आणि माझा ठेवला. आत काही हालत नव्हतं. मालती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी भिंतीकडे. मग एकदम लाथ बसली. चांगली लागली.

"आहे," मी म्हणाले. मालती तेव्हा रडली.

हिराबाई मला रागावलीसुद्धा नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. धर्मानेच समजावून सांगितलं. अमावस्या-पुनवेला खाडी भर दुपारी भरते. मग रोज थोडी थोडी उशिरा. चार दिवस सकाळची वाट मोकळी, तर चार दिवस बंद. इथली माणसं तिथी विचारून घराबाहेर पडतात. मला पंचांग पाठ होतं ते फराळापुरतं. मी मनात हिशोब केला. महिन्यातले निम्मे दिवस वसंता वेळेवर घंटेला पोचला असता, उरलेले निम्मे त्याला पोहत जावं लागलं असतं, आणि त्याला पोहता येत नाही.

पुलावरच्या वाटेने बैलगाडीतून बोईसर गाठलं. मालती पेंढ्यावर निजली होती. मी हिराबाईचं लाल चौकड्यांचं लुगडं तिच्या पद्धतीने, गुडघ्याच्या वर खोचून नेसले होते, कारण मला ते दुसऱ्या कसल्याच पद्धतीने पुरत नव्हतं. चाळीच्या जिन्यात शेजारीण भेटली.

"काय ओ, मासळी आणलीत का?"

"नाही. मीच पकडली गेले होते."

वसंता दारात होता. त्याने दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोणाच्याच पायात चपला नव्हत्या.

"जागा मिळाली?"

मी तोंड उघडण्याआधी मालती म्हणाली, "पालघरला. गिरणीच्या मागे. दारातून गाडी दिसते."

मी काही बोलले नाही. माझ्यासाठी हे नवीनच होतं, वसंता घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

आता आम्ही तिथेच राहतो. कोंडा रोज झाडते. जागा निवडताना मी समुद्र बघितला, वारा बघितला, माड बघितले. आपला माणूस सकाळी कुठे पाय टाकणार आहे तेवढं बघायचं राहिलं. आता कोणी जागेबद्दल सल्ला विचारला तर मी त्यांना मालतीकडे पाठवते. वसंता घंटेच्या आत पोचतो.

त्या दुपारी नवापूरच्या खाडीतून आम्ही तिघी वाचलो. मी, मालती, आणि मालतीच्या पोटात होती ती रेखा.