बुक पोस्टानं न गेलेला सातवा भाग

सातवा भाग पोस्टात हरवला नाही. मी तो पोस्टात टाकलाच नव्हता.

एवढं लिहायला मला वीसेक वर्षं लागली. बायकोला हे ठाऊक नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांनाही नाही. मुळात मी कमी बोलणारा. पण कमी बोलणं आणि लपवणं यांत फरक आहे, आणि मी बरीच वर्षं दुसऱ्याला पहिल्याचं नाव देत आलो. आता लिहून टाकतो. मात्र ही रडकथा नव्हे. आयुष्यात मी सगळ्यात जास्त हसलो ते याच दिवसांत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. एक खोली, एक स्टोव्ह, एक ट्रंक, एवढा संसार. एका मंगळवारी जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मिळाली. पुठ्ठा नाही, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळं नाव नाही आणि लेखकही नाही. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांनी चष्मा वर करून ती चाळली आणि म्हणाले, "राणी व्हिक्टोरियाच्या काळातली आहे. चांगल्या मोठ्या लेखकाची दिसते. कोणाची ते मात्र विचारू नकोस, आणि वाचल्याशिवाय राहू नकोस."

कॉलेजातला माझा एक दोस्त कुर्डुवाडीला रेल्वेत बुकिंग क्लार्क होता. त्याची मावसबहीण आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. वैरागच्या अलीकडच्या एका गावात ती हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तो तिला अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. दोघंही वाचनवेडे. मी पत्रानं कळवलं की असं असं घबाड मिळालंय. दोघांची उत्तरं एकाच दिवशी आली. आधी मला पाठव, असं दोघांनीही लिहिलं होतं. पाठोपाठ अक्काचं आणखी एक कार्ड: "पुस्तक एक, माणसं तीन. कापा."

आमच्या पेठेत एक तेलुगू बाइंडर होता. त्याच्यापुढं पुस्तक ठेवलं आणि याचे सात भाग करा म्हटलं.

"सायब, ही काय कोंबडी हाय का?"

"तीन घरांत वाटायची आहे हो."

"मग कोंबडीच की," असं म्हणून त्यानं सुरी उचलली.

काम मात्र झकास केलं. साधारण ऐंशी-ऐंशी पानांचा एक भाग, दोऱ्यानं शिवलेला. पुठ्ठा सुताच्या खोक्यांचा, आणि पाठीला चादरीच्या काठाची पट्टी. सातही भाग ओळीनं मांडले की एखाद्या घरातली भावंडं फोटोला उभी राहिल्यासारखी दिसत.

वाट ठरली. आधी मी वाचायचं, मग अक्का, मग कुर्डुवाडी, आणि भाग फिरून माझ्याकडं. पाठवायचा बुक पोस्टानं. नव्या पिढीला सांगायला हवं, बुक पोस्टाचं पाकीट दोन्ही तोंडांनी उघडं ठेवावं लागायचं. आत छापील मजकूरच आहे ना, हे पोस्टाला तपासता यावं म्हणून. आत चिठ्ठी घालायला बंदी. आम्ही चिठ्ठी घातली नाही. जे बोलायचं ते समासात लिहिलं, आणि एकमेकांना उत्तरं द्यायला प्रत्येक भाग पुन्हा एक-दोनदा फिरवला. हाही तसा नियमभंगच, पण तेव्हा तो आम्हाला मोठा कायदेशीर वाटला. माझी साधी पेन्सिल, अक्काची जांभळी, आणि दोस्ताची रेल्वेतली लाल-निळी.

गोष्ट अशी होती. नदीकाठच्या एका गावात हातमोजे शिवणाऱ्या कारागिराची मुलगी. बाप वारलेला, दुकान काकाच्या ताब्यात. काका गोडबोल्या. भाऊ समुद्रावर गेलेला, आणि त्याचं पत्र काही येत नाही. मुलगी रोज खिडकीत उभी राहून वाट बघते. दोस्तानं लाल पेन्सिलीनं लिहिलं, "ही एवढा वेळ खिडकीत उभी, हिला घरात काम नाही का?" त्याखाली अक्का, "तुला मुलगी कोण देणार, देव जाणे." त्याखाली मी, कसाबसा धीर करून, "मी तर देणार नाही." पुढच्या खेपेला समासात उत्तर होतं, "घुम्या बोलला! पेढे वाटा." गिरणीतल्या टेबलाशी बसून मी एवढ्या मोठ्यानं हसलो की हेडक्लार्क बघायला आले.

तिसरा भाग फिरून आला तेव्हा त्यात चौथं अक्षर होतं. निळी शाई, टाकासारखं वळणदार. "पत्रे नियमित येत असावीत. मध्ये कोणीतरी दाबत आहे. काकावर नजर ठेवावी."

मला वाटलं दोस्ताची गंमत. त्याला वाटलं माझी. अक्कानं मात्र अक्षर ओळखलं. पावतीवर, मनीऑर्डरीवर ते तिनं शंभरदा पाहिलेलं होतं. ती तडक गावच्या पोस्टात गेली. पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची पुढची खोली. मास्तर साठीला आलेले, पण जुन्या काळचे मॅट्रिक, इंग्रजी पक्कं. पुढं जे झालं ते अक्कानं आम्हाला तीन पानी पत्रात कळवलं, आणि ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे.

"मास्तर, हे काय?"

"बाई, पाकीट उघडंच असतंय की. तपासायला म्हणून सरकारनंच उघडं ठिवलंय. मी तपासत हुतो."

"ऐंशी पानं तपासलीत?"

"कसून तपासावं लागतंय."

"आणि हा शेरा?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "मोह आवरला न्हाय, बाई. तक्रार करनार असाल तर करा. चूक हायच."

"तक्रार नाही, शिक्षा करणार. प्रत्येक भागावर शेरा लिहायचा. एक जरी चुकला तर वरपर्यंत जाईन."

असे मास्तर आमचे चौथे झाले. थैलीतून भाग निघाला की एक दिवस त्यांच्या आतल्या घरात, मग अक्काकडं. आणि माणूस काय वाचायचा! पत्रं काकाच दाबतोय, यावर त्यांनी पुरावेच मांडले. बंदरातून टपाल किती दिवसांनी यायला हवं, पावसानं किती खोळंबेल, कोणत्या प्रकरणात काका पोस्टाकडून आला आणि त्याचे हात खिशात होते. "तीस वर्षे टपाल हाताळतो आहे. टपाल आपण होऊन गप्प बसत नाही," असं त्यांनी पाचव्या भागात लिहिलं. दोस्ताचं म्हणणं, भाऊच बेपर्वा, त्याला लिहायचा कंटाळा. अक्काचं म्हणणं, भाऊ बुडाला.

सहावा भाग संपला तेव्हा न राहवून आम्ही चौघं एका रविवारी कुर्डुवाडी स्टेशनवर भेटलो. दोन गाड्यांच्या मध्ये चांगले तीन तास होते. प्लॅटफॉर्मच्या बाकावर भजी आणि चहा. सहाव्या भागाच्या शेवटी मुलगी काकाच्या कुलूपबंद मेजापुढं किल्ली घेऊन उभी असते. तेवढ्यावरून मास्तर आणि दोस्त असे काही भांडले की एक हमाल ओझं खाली ठेवून ऐकत उभा राहिला.

"कुनाच्या घरातलं भांडान हाय हे?"

"विलायतेतलं," अक्का म्हणाली.

"मग मिटंना व्हय!" असं म्हणून तो गेला, आणि आम्ही इतके हसलो की मास्तरांची टोपी पडली. माझ्याकडं वळून म्हणाले, "सायब, सातवा लवकर सोडा. माझं म्हननं खरं का खोटं ते एकदा कळू द्या. मग डोळं मिटाया मोकळा."

परतीच्या गाडीत मी एकटाच होतो आणि एकाएकी ध्यानात आलं, सातवा भाग गेला की संपलं. त्या समासांखेरीज माझं कुणाशी बोलणं होतं? ऑफिसात हो-नाही, खाणावळीत भाजी-पोळी. घुम्या म्हणून चिडवणारंसुद्धा दुसरं कुणी नव्हतं.

सातवा भाग मी वाचायलाही घेतला नाही. पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकिटं लावली. जेवणाच्या सुट्टीत पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. एक आठवडा जाऊ दे, म्हटलं. असे तीन गेले. मग अक्काचं कार्ड: "सातवा कुठे आहे? मास्तर रोज थैली उलटी करून झटकतात."

मी लिहायला हवं होतं, अजून पाठवला नाही, हे संपू नये असं वाटतं. अक्का हसली असती, दोस्तानं वर्षभर चिडवलं असतं, आणि विषय मिटला असता. पण असलं काही मला कधी लिहिता आलं नाही. मी लिहिलं, "मी तर गेल्या पंधरवड्यातच टाकला." त्यातला "तर" अजून मला बोचतो.

बुक पोस्टाची नोंद नसते, पावती नसते. सोलापुरात टाकलं आणि गावात मिळालं नाही. मधल्या प्रवासाचा विचार कुणी केलाच नाही, कारण भाग आधी घरी नेऊन वाचणारा माणूस सगळ्यांना ठाऊक होता. अक्का त्यांना काही बोलली नाही. मास्तर स्वतःच बोलले. पुढच्या रविवारी एस.टी.नं ते माझ्या खोलीवर आले. हातात हुरड्याचं गाठोडं आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. खोलीत खुर्ची नव्हती. पाहुणे ट्रंकेवर बसत. तेही बसले. सातवा भाग त्याच ट्रंकेत होता.

"सायब, माझ्याच हातनं गेला बगा."

"कशावरून?"

"थैली फोडतो मी, घरी नेतो मी. दुसऱ्या कुनाचं नाव घिऊ? माळा काढला, कनगी काढली, गोठा झाडला. सून म्हनती बंबात गेला आसंल. तीस वर्सात कुनाचं कार्ड हरवलं न्हाय माझ्याकडनं. आन् गेलं ते नेमकं हे."

त्यांचे डोळे भरले होते. मला तोंड उघडायचं होतं, शपथेवर सांगतो. आणि तोंड उघडून मी काय म्हणालो? "जाऊ द्या मास्तर. होतं असं." मी त्यांना माफ केलं. वर चहा पाजला. ते मात्र इतके सुखावले की जाताना म्हणाले, "मोठ्या मनाचा मानूस हायेस, बाळा." त्या दिवसापासून मी त्यांचा बाळ झालो.

पुढचं वर्ष आमचं सगळ्यात आनंदाचं गेलं, हेही कबूल करायला हवं. अक्कानं फर्मान काढलं, शेवट हरवला ना, मग प्रत्येकानं आपापला लिहायचा. वह्यांना तसेच पुठ्ठे, तसाच चादरीचा काठ. दोस्ताच्या शेवटात भाऊ आगगाडीनं येतो, आणि ती गाडी वेळेवर येते. अक्कानं समासात लिहिलं, "कादंबरी आहे, पण इतकी?" अक्काच्या मुलीनं काकाला घराबाहेर काढून हातमोज्यांचा कारखाना घातला आणि लग्नाचा विषय पाच पानांत तीनदा उडवून लावला. माझा शेवट दीड पानाचा होता. दोस्ताचा शेरा, "तार केली असतीस तरी चाललं असतं."

मास्तरांचा शेवट बासष्ट पानांचा. त्यात गावचा म्हातारा पोस्टमन बर्फातून पत्रांचा गठ्ठा घेऊन येतो. बर्फ त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, "जिनिंगच्या शेडमध्ये सरकी वेगळी होताना कापूस उडतो, तसे आभाळभर चालले होते." मी पुष्कळ वाचलं आहे, पण त्याहून चांगला बर्फ मला कुठं भेटलेला नाही. त्या वह्या तीनही गावांत दोन-दोन फेऱ्या फिरल्या. अक्काच्या शाळेतले शिक्षक मागून नेऊ लागले. मी मनाशी म्हणायचो, भाग पाठवला असता तर हे घडलं असतं का? हे म्हणणं फार सोयीचं होतं. ते मी अनेक वर्षं वापरलं.

कारण दुसरी बाजूही मला दिसत होती. त्या दिवसापासून मास्तरांनी उघडं पाकीट घरी नेलं नाही. आमच्याकडं पुढं आणखी पुस्तकं आली, तशीच कापली, तशीच फिरली. मास्तर ती न उघडता आधी अक्काच्या दारात पोचवायचे. अक्का म्हणायची, "आधी तुम्ही वाचा की." ते म्हणायचे, "नको बाई, माझा हात विसराळू झालाय." तिनं दिल्यावरच वाचायचे. शेरे लिहायचे, पण आता पेन्सिलीनं, पुसता येईल असे.

पासष्टीला ते कामातून मोकळे झाले. शाळेच्या पटांगणात गावानं सत्कार केला. दोस्त आणि मी मुद्दाम गेलो होतो. नारळ, फेटा, शाल. मास्तर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं टपाल ज्याचं त्याला दिलं. एकच पाकीट माझ्या हातनं गेलं, ते ज्यांचं हुतं ते हितं बसल्यात. त्यांनी पोटात घातलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता ते ऐंशीच्या पुढं आहेत. कान गेलेत, डोळे चांगले आहेत, असं अक्का कळवते. माझं लग्न झालं, बढती झाली, दोन घरं बदलली, आणि सातवा भाग पाकिटासकट प्रत्येक घरात माझ्याबरोबर आला. मी तो अजून वाचलेला नाही. काका पत्रं दाबत होता की नाही, हे मला ठाऊक नाही. ते मास्तरांच्या आधी मला कळावं, एवढा माझा हक्क उरलेला नाही.

देणं आहे ते असं. त्यांच्या गावी जाऊन, कानाशी तोंड नेऊन, त्यांची सून ऐकेल एवढ्या मोठ्यानं सांगायचं की तुमच्या हातून काही गेलं नाही, ते मी ठेवून घेतलं होतं. मग भाग त्यांच्या हातात द्यायचा. हे दोन्ही मी अजून दिलेलं नाही.