टेम्पोखाली कोण होतं

माझा डावा पाय टेम्पोखाली होता आणि माझ्या अंगावर माझी जाऊ पडली होती. दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला निघालेल्या आम्ही बाया. वळणावर टेम्पो पलटला. जाऊ पाणी मागत होती. ड्रायव्हर नुसता उभा राहून फोनवर बोलत होता. मी त्याला तोंडाला येईल त्या शिव्या घातल्या. पाणी यायच्या आत ती गेली.

हे मी एका संस्थेतल्या पोरीला सांगितलं होतं. तिने मला नाशिकच्या एका हॉटेलात सभेला नेलं. मी मराठीत बोलायचं आणि तिने शेजारी उभं राहून परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण नातीच्या अभ्यासामुळे 'आय' म्हणजे मी, एवढं कळतं. पोरगी प्रत्येक वाक्य 'आय'ने सुरू करी, तेही छातीवर हात ठेवून, गळा भरून. आमच्या वस्तीत दुसरीचं गाऱ्हाणं मांडताना 'ही म्हणते' असं आधी लावतात. दुखणं कोणाचं, ते तरी कळतं. इथे पाहुणे तिच्याकडे बघून डोळे पुसत होते. सोबत आलेली माझी शेजारीण पुटपुटली, "हिलाच लागलंय जणू. मलम द्या कोणीतरी."

मी शिव्यांचं सांगितलं, तर पोरीने हात जोडले, छताकडे पाहिलं आणि 'गॉड' म्हणाली. तोही शब्द मला कळतो.

"थांब," मी म्हणाले. "मघापासून आय आय करतेस, तुझा पाय दाखव बरं."

ती हसली. "आजी, ते आय म्हणजे तुम्हीच. माझा फक्त आवाज."

"आवाज हाय मला. देव कुठून आणलास? मी शिव्या दिल्या, त्या सांग."

"त्या कशा सांगू यांना?"

"मी दिल्या तशा. माझ्या नावाने बोलतेस ना? मग तोंडबी माझंच लाव."

तिने नाहीच सांगितल्या. चहाच्या वेळी एक गोरी बाई लगबगीने आली, पोरीला मिठी मारली आणि तिची पाठ चोळत राहिली. पोरीने 'थँक्यू' म्हणून ते सांत्वन घेतलंही. मी शेजारीच काठी टेकून उभी होते. माझ्या हातात कोणीतरी बिस्किटाची बशी दिली.

असला कसला तो 'आय'? ज्याने उच्चारला त्याचा झाला.

टेम्पोखाली मी होते. जाऊ माझ्या अंगावर गेली. देवाला कोणी हाक मारली नाही. शिव्या दिल्या, त्या मी दिल्या.